द्राक्षातली साखर २५ ग्रॅममध्ये धरायची की नाही?

निफाडची_लेक · १२ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा आहे. वय ६३. निफाड तालुक्यात तीन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. आता भाऊ सगळं बघतो, तरी दादा सकाळी सातला बागेत हजर असतात. मी नाशिकला सिडकोत राहते, दर रविवारी जाऊन येते.

डिसेंबरमध्ये त्यांच्या तपासण्या केल्या. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं सांगितलं. गोळी नाही, चालणं वाढवा, वजन उतरवा, आणि कागदावर एक ओळ लिहून दिली: साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत. कोणती साखर, कशातली, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

मी दादांच्या मोबाईलमध्ये खाण्याची नोंद ठेवायचं एक ॲप टाकून दिलं आणि तिथेच घोळ झाला. त्यात साखर म्हणून एकच आकडा दिसतो. सकाळचं कपभर दूध, १० ग्रॅम. शंभर ग्रॅम द्राक्षं, १६ ग्रॅम. झाले २६. नाश्ता व्हायच्या आत ॲपमधलं मर्यादेचं गोल लाल. दादांनी दूध सोडलं, द्राक्षं सोडली, पेरूसुद्धा सोडला. चहातली साखर तर पहिल्याच दिवशी बंद केली होती.

गेल्या रविवारी गेले तेव्हा द्राक्षांचा खुडा, म्हणजे तोडणी, चालू होता. दादांनी घडाच्या शेंड्याचा एक मणी तोडला, रसातली साखर मोजणाऱ्या ब्रिक्समीटरच्या काचेवर पिळला, झाकण टेकवलं आणि मीटर उन्हाकडे धरून एक डोळा मिटला. "साडेअठरा," म्हणाले. सदऱ्याच्या टोकाने काच पुसली आणि हातातला मणी मातीत टाकून दिला. मला ते बघवलं नाही. आमच्याकडे मीटर आलं तेव्हा मी शाळेत होते. त्याच्या आधी आणि नंतरही दादा बागेची शुगर पहिल्यांदा जिभेवर बघायचे, मग मीटरवर. यंदाच्या हंगामात त्यांनी स्वतःच्या बागेतला एक मणी तोंडात टाकलेला नाही.

दुसरी गोष्ट वहिनीकडून कळली. साखर बंद केल्यापासून चहा गुळाचा झालाय, दिवसातून चार वेळा. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मोठा चमचा मध. पिंपळगावला माल घेऊन गेले की रसवंतीवर एक ग्लास. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, उसाच्या रसात कोण साखर घालतं? ती निसर्गाची गोडी आहे, ती धरत नाहीत."

मला नीट समजून घ्यायचंय. नैसर्गिक साखर मर्यादेत धरायची असेल तर फळं आणि दूध दोन्ही गेलं. धरायची नसेल तर गूळ, मध, उसाचा रस सगळं मोकळं. दोन्हीकडे काहीतरी चुकतंय एवढं कळतं, पण कुठे ते कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना_नाशिककर

फळातली साखर धरायची नसते, हे नक्की. दादांना आजच्या आज द्राक्षं सुरू करायला सांगा. गुळाचंही एवढं मनावर घेऊ नका. आमच्या पंचवटीच्या घरी उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी दिल्याशिवाय आजी बोलायला सुरुवात करत नसे. त्या पिढीत कुणाला शुगर होती? पांढरी साखर आली आणि हे सगळं आलं.

आहारवही

मी आहारतज्ज्ञ आहे, नाशिकमध्येच काम करते. या एका ओळीमुळे गोंधळलेली माणसं माझ्याकडे आठवड्याला चार-पाच तरी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, घोळ 'नैसर्गिक' या शब्दात आहे. मर्यादा ठरवणाऱ्यांनी तो शब्द मोजमापासाठी वापरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शन काढलं, त्यातला शब्द आहे 'फ्री शुगर', आपण मोकळी साखर म्हणू. कारखान्यात, हॉटेलात किंवा घरी आपण वरून घातलेली सगळी साखर त्यात येते. शिवाय मध, पाक, फळांचा रस आणि आटवलेला रस यांच्यात मुळातच असलेली साखरही येते. मध कुणी बनवलेला नाही, तो पोळ्यातून आलाय, तरी मोजायचा. रसात बाहेरचा एक दाणा पडलेला नाही, तरी मोजायचा.

अख्खं ताजं फळ, भाजी आणि दूध यांच्यातली साखर मात्र या मर्यादेत धरत नाहीत. फळातली साखर पेशींच्या आत कोंडलेली असते. ती चावून, फोडून बाहेर काढावी लागते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, शंभर मिलीला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. तीही धरत नाहीत. साधं दही आणि ताक यांचंही तेच, पण श्रीखंडात आपण चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतो, ती पूर्ण मोजायची.

आकडा कुठून येतो तेही सांगते. दिवसाला २००० कॅलरी धरल्या तर मोकळी साखर त्याच्या १० टक्क्यांच्या आत हवी. म्हणजे २०० कॅलरी, आणि साखरेच्या ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणून ५० ग्रॅम. शक्य असेल तर ५ टक्क्यांच्या आत आणा असंही त्यात सुचवलंय, ते झाले २५ ग्रॅम. चहाचे पाच-सहा सपाट चमचे. दादांच्या कागदावरचे २५ हेच. अमेरिकेच्या हृदयरोग संघटनेचा बायकांसाठीचा आकडाही २५ आहे, पुरुषांसाठी ३६, पण तो फक्त वरून घातलेल्या साखरेचा.

आता दादांचा दिवस बघा. त्यांनी सोडलेलं दूध, द्राक्षं आणि पेरू २५ च्या हिशोबात नव्हतेच. जे सुरू केलं, गूळ, मध आणि उसाचा रस, ते सगळं त्या हिशोबात आहे. ॲपमधला आकडा एकूण साखरेचा असतो. तो चुकीचा नाही, पण त्याच्यासमोर २५ ची रेघ ओढली की माणूस फसतो. त्यात गुळाचा चहा 'बिनसाखरेचा' म्हणून नोंदवला असेल तर बघायलाच नको. वहिनींना एकदा विचारून घ्या.

निफाडची_लेक

आत्ताच फोन करून विचारलं. बिनसाखरेचा म्हणूनच नोंदवलाय. चारही.

सायखेडेकर

मी पण द्राक्षवालाच. आहारवहीताई, राग मानू नका, पण मला हे पटायला थोडं जड जातंय. आम्ही शुगर रोज मोजतो. ब्रिक्स १८ म्हणजे शंभर ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेला ऐवज, त्यात थोडं आम्ल आणि बाकी जवळपास सगळी साखर. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मं-निम्मं. पेरू-डाळिंबात चोथा असतो ते मान्य. द्राक्षात काय असतो? शंभर ग्रॅमला एक ग्रॅमसुद्धा नाही. साल पातळ, बी नाही, दाताखाली आलं की पाणी. मग मणी खाल्ला काय आणि रस प्याला काय, पोटात गेल्यावर फरक तो काय राहिला? पेशीत कोंडलेली साखर ऐकायला छान वाटतं, पण आमच्या थॉमसनची पेशी फोडायला किती वेळ लागतो हे आम्हाला ठाऊक आहे.

आणि बेदाण्याचं काय? चार किलो द्राक्षं वाळवली की किलोभर बेदाणा होतो. ती सगळी साखर तिथेच आहे ना?

आहारवही

राग कसला, हा प्रश्न विचारायलाच हवा. मी स्वतः शिकताना हाच विचारला होता.

द्राक्षात तंतू कमी असतात हे खरं. म्हणून फक्त 'फायबर असतं हो' एवढ्या उत्तरावर मी थांबत नाही. अख्ख्या फळातल्या किंवा दुधातल्या साखरेने अपाय होतो असा पुरावा समोर आलेला नाही, हे कारण आरोग्य संघटनेने स्वतः दिलंय. म्हणजे सूट तंतूंच्या ग्रॅमवर दिलेली नाही, माणसं फळ खातात तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते बघून दिलेली आहे.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारा एक प्रयोग १९७७ मध्ये इंग्लंडात झाला, लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दहा माणसं. सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं, कुस्करून लगदा केलेलं आणि चोथा काढलेला रस. तिन्हींत पचणारी कर्बोदकं सारखीच, ६० ग्रॅम. रस लगद्याच्या मानाने चारपट वेगाने संपला आणि अख्ख्या सफरचंदांच्या मानाने अकरापट. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सगळ्यात जास्त, रसाने सगळ्यात कमी. रक्तातली साखर तिन्ही वेळा साधारण सारखीच चढली. पण लगदा आणि रसानंतर इन्सुलिन जास्त उसळलं, आणि रसानंतर साखर पुन्हा झपकन खाली उतरली. अशी उतरली की परत भूक लागते.

आता द्राक्षाचं. २०१३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतल्या १ लाख ८७ हजारांहून जास्त आरोग्यसेवकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. अख्खी फळं जास्त खाणाऱ्यांत टाइप टू मधुमेह कमी आढळला आणि फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. कोणत्या फळांचा संबंध चांगला दिसला? ब्लूबेरी, सफरचंद आणि द्राक्षं. त्यांनी द्राक्षं आणि बेदाणे एकत्रच धरले होते. हा नोंदींचा अभ्यास आहे. द्राक्षं खाल्ल्यानेच मधुमेह टळला असं त्यातून सिद्ध होत नाही, आणि मी कुणाला औषध म्हणून द्राक्षं सांगणार नाही. पण द्राक्षाला घाबरून मध-लिंबू पिणाऱ्या माणसासमोर मी हा अभ्यास ठेवतेच.

बेदाण्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. इंग्लंडच्या व्याख्येत सुका मेवासुद्धा मोकळ्या साखरेतून वगळलाय. तरी शंभर ग्रॅममध्ये साठ ग्रॅमच्या वर साखर असते आणि पाणी गेल्यामुळे मुठीत मावणारा ऐवज चौपट होतो. दुधात दहा-बारा बेदाणे ठीक. डबा मांडीवर घेऊन बसायचं नाही.

सायखेडेकर

चारपट आणि अकरापट हे लक्षात राहील. ताई, धन्यवाद. मी सकाळी बागेत फिरताना किती मणी खातो ते कधी मोजलं नव्हतं. उद्या मोजतो.

आईचा_डबा

मला या धाग्याने हलवून सोडलंय. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा. डब्यासोबत रोज २०० मिलीचा सफरचंदाच्या रसाचा खोका देत होते, कारण वर 'साखर मिसळलेली नाही' असं ठळक लिहिलंय. आत्ता खोका हातात घेऊन बसलेय. एकूण साखर शंभर मिलीला ११ ग्रॅम. मिसळलेली साखर ०. म्हणजे खोक्यात २२ ग्रॅम. आहारवहीताईंच्या हिशोबाने ही सगळी मोकळी साखर ना?

आहारवही

हो. सगळी.

२०२० च्या नियमांमुळे आपल्याकडच्या पाकिटांवर एकूण साखर आणि मिसळलेली साखर असे दोन आकडे वेगळे छापावे लागतात. साध्या दह्याच्या डब्यावर एकूण साखर दिसेल आणि मिसळलेली शून्य, ते दह्याच्या बाबतीत बरोबरच आहे. रसाच्या खोक्यावर मात्र हेच शून्य दिशाभूल करतं. रस आटवून पुन्हा पाणी घालून केलेल्या पेयावर 'शंभर टक्के फळांचा रस' लिहू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. पण तुम्ही जे वाचलंत तो दावा वेगळा आहे, तो अजून दिसतो.

आणखी एक बारकावा. पाकिटावर दिवसाच्या गरजेची जी टक्केवारी असते, ती मिसळलेल्या साखरेसाठी ५० ग्रॅम धरून काढलेली असते. एखाद्या बिस्किटाच्या पुड्यावर ४० टक्के दिसलं, तर ते २० ग्रॅम. ज्याचं लक्ष्य २५ ग्रॅमचं आहे, त्याचा ऐंशी टक्के दिवस त्या पुड्यात संपला.

लहान मुलांसाठी इंग्लंडचा आकडा माझ्या उपयोगी पडतो: चार ते सहा वर्षांना १९ ग्रॅम, सात ते दहाला २४ ग्रॅम मोकळी साखर. तुमच्या मुलाची मधल्या सुट्टीतच संपली. खोक्याऐवजी संत्र्याच्या चार फोडी किंवा पेरू द्या, सोबत पाण्याची बाटली.

आईचा_डबा

दीड वर्ष रोज दिलाय. उद्यापासून बंद. पेरू खाईल तो, मीठ लावून दिला तर आवडीने खातो.

मांडे_रस

आता माझा जीव टांगणीला लागलाय. आमरस कशात? फळ की रस? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे मांडे आणि रस असतो. वाटीवर वाटी होते. आम्ही साखर अजिबात घालत नाही, पिवळाधमक केशर आंबा असला की लागतच नाही.

आहारवही

हा प्रश्न खरंच अवघड आहे. आरोग्य संघटनेच्या व्याख्येत रस म्हणजे ज्यूस आहे, लगद्याचं नाव नाही. इंग्लंडने मात्र पुढे जाऊन कुस्करलेल्या, मिक्सरमधून काढलेल्या फळातली साखरही मोकळी साखर धरलीय. त्यांच्याकडे रस आणि स्मूदी मिळून दिवसाला १५० मिली, त्याहून जास्त नको असं सांगतात. वरच्या प्रयोगातही लगदा फळ आणि रस यांच्या मधे बसला होता.

मी माझ्या लोकांना असं सांगते: आंबा कापून किंवा चोखून खाल्ला तर ते फळ. आमरस झाला की मोजायचा. आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण १४ ग्रॅम साखर असते, म्हणजे दीडशे ग्रॅमची एक वाटी २१ ग्रॅम. आखाजीला एक वाटी मन लावून खा, त्या दिवशी दुसरं गोड नको. सण मोडायला मी कुणालाच सांगत नाही. वर्षभर रोजच्या चहात जे जातं, त्याच्या मानाने आखाजीची वाटी काहीच नाही.

ग्लुकोमीटरवाला

उशिरा लिहितोय, पण एक गोष्ट राहून जाऊ नये. मला मधुमेह आहे, अकरा वर्षं झाली. २५ ग्रॅमची मर्यादा आणि मधुमेहाचा हिशोब या दोन वेगळ्या वह्या आहेत. द्राक्षं मर्यादेत धरत नाहीत, हे वाचून कुणा मधुमेहीने अर्धा किलोचं खोकं संपवू नये. माझं यंत्र साखर कुठून आली ते विचारत नाही. भाकरी, भात, बटाटा, केळं, दूध, सगळ्यांतली कर्बोदकं शेवटी रक्तात ग्लुकोज म्हणूनच उतरतात आणि मला ती सगळीच मोजावी लागतात. मी स्वतः दुपारच्या जेवणात अर्धी भाकरी कमी करतो आणि पंधरा मणी खातो, दोन तासांनी टोचून बघतो. मला ते मानवतं. तुमच्या शरीराचं तुम्ही बघा, डॉक्टरांना विचारा.

लेकताई, तुमच्या दादांना तशी वही अजून लागलेली नाही, आणि लागू नये म्हणूनच हे सगळं चाललंय. त्यांच्याशी प्रेमाने बोला. मला माझ्या मुलाने ओरडून सांगितलं होतं, मी दोन वर्षं काही ऐकलं नाही.

आहारवही

अगदी बरोबर. हे मीच आधी लिहायला हवं होतं. उंबरठ्यावरच्या माणसानेही फळ एका वेळी शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत ठेवावं, आणि जेवणावर वाढीव म्हणून नव्हे, जेवणातलं काहीतरी कमी करून.

जुना_नाशिककर

मी वर गुळाबद्दल लिहिलं, त्यावर दोन दिवस विचार केला. आजी जे गूळ-पाणी द्यायची त्यात सुपारीएवढा खडा असायचा, दिवसातून एकदा, आणि तो माणूस चार कोस चालत आलेला असायचा. चार कप चहात चार खडे टाकून गाडीवर बसणं हे ते नाही. तरी विचारतो: गुळात लोह असतं, खनिजं असतात, त्याचा काहीच फायदा धरायचा नाही?

आहारवही

काका, तुमच्या आजींच्या खड्याला माझी काही हरकत नाही. गुळात खनिजं असतात, पण चहातल्या दहा ग्रॅम गुळातून मिळणारं लोह फार थोडं. वर चहा लोह नीट शोषू देत नाही. त्याच गुळात ८५ टक्क्यांच्या आसपास साखरच असते, आणि तिचा मोठा भाग म्हणजे आपल्या डब्यातल्या पांढऱ्या साखरेचंच सुक्रोज. चव आवडते म्हणून गूळ खावा, जरूर खावा. साखरेच्या जागी मोजून खावा. लोहासाठी हरभरा, नाचणी आणि पालेभाजी, वर लिंबू पिळून.

निफाडची_लेक · २४ फेब्रुवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज काय झालं ते लिहिते.

सकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा पिशवीत घालून गेले. दादांना काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, तुम्ही रोज शुगर मोजता, आज मला मोजू द्या. वहिनीला रोजच्यासारखा चहाचा गूळ काढायला सांगितला. तिने अडकित्त्याने फोडलेला खडा काट्यावर ठेवला: ११ ग्रॅम. चार वेळचे ४४, त्यात साखर ३७ ग्रॅमच्या आसपास. मग मधाचा मोठा चमचा, वीस ग्रॅम, त्यात १६ ग्रॅम साखर. रसवंतीचा ग्लास घरी नव्हता, म्हणून तांब्यातलं पाणी ओतून दादांनाच विचारलं, एवढा असतो का? ते म्हणाले, एवढाच. अडीचशे मिली. बर्फ धरूनही त्यात ३० ग्रॅम साखर सहज. मी हे सगळे आकडे फवारणीच्या वहीच्या मागच्या पानावर मांडले. ८३.

दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत होते. मग म्हणाले, "आणि आपली?"

मी बाहेर पाटीतला एक घड आणला. एकेक मणी काट्यावर ठेवत गेले. बावीस मण्यांना शंभर ग्रॅम झाले. म्हटलं, दादा, यात १६ आहेत, पण त्या कागदावरच्या पंचवीसमध्ये हे धरतच नाहीत. अख्खं खाल्लं तर धरत नाहीत, मिक्सरमधून काढलं तर धरतात.

त्यांनी तिथल्या तिथे सायखेडेकरांचाच प्रश्न विचारला: मणी आणि रस, दोन्हीत साखर तेवढीच ना? मी चारपट-अकरापट सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण खरं पटलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मीटर हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे हे रसाची शुगर दाखवतं. मी मणी पिळतो तेव्हाच ती बाहेर येते." मी हो म्हटलं. मला स्वतःला इतकं सोपं सुचलं नव्हतं.

मग त्यांनी काट्यावरचा एक मणी उचलला आणि खाल्ला. वहिनी चुलीपाशी उभी होती, ती पदर डोळ्यांना लावून आत गेली. दादांनी ते बघितलं नाही, ते मोजत होते. बावीसपैकी बावीस खाल्ले. "साडेअठराच्या वर आहे," म्हणाले, "एकोणीस असेल." भावाने मीटर लावून बघितलं. एकोणीस.

सायखेडेकर

ताई, वाचून डोळे भरून आले. जिभेवरची शुगर मीटरला मिळती येणारी माणसं आता आमच्या गावात तीन-चारच उरलीत.

मी पण मोजले. सकाळच्या फेरीत सत्तर ते ऐंशी मणी व्हायचे. आता पंचवीसवर आणलेत.

ग्लुकोमीटरवाला

छान केलंत. गुळाचं काय ठरलं?

निफाडची_लेक

चहा दोन वेळा, प्रत्येकी तीन ग्रॅमचा खडा. वहिनीने पंधरा दिवसांचे खडे काट्यावर तोलून एका बरणीत भरून ठेवलेत. मध बंद, लिंबू-पाणी मीठ घालून. दूध परत सुरू, बिनसाखरेचं. रसवंतीबद्दल दादा काही बोलले नाहीत, मीही जोर केला नाही.

निफाडची_लेक · १८ मार्च

कुणीकुणी निरोपात विचारत होतं, म्हणून लिहिते. एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे पुढची तपासणी मे महिन्यात आहे. तोवर बोलण्यासारखा आकडा नाही. वजन दीड किलो उतरलंय. ॲप दादांनी काढून टाकलं. त्याऐवजी फवारणीच्या वहीत औषध, प्रमाण आणि तारीख यांच्या पुढे स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखलाय. काल वही उघडून बघितली, त्यातलं एक पान जसंच्या तसं उतरवते:

"१६ मार्च. फवारणी नाही, खुडा चालू. पिंपळगावला दोन गाड्या. चहा २, गूळ ६ ग्रॅम. दूध १ कप. द्राक्षं सकाळी १५, जेवणात १५. रसवंतीवर थांबलो, पाणी प्यालो."